प्रतिभा आणि वहिवाट : संकेतस्थळांच्या रचनेविषयीं कांहीं विचार

कादंबरी, नाटक, काव्य, चित्र, गायन यांचीं परीक्षणें मासिकांतून नित्य येतात, आणि तीं यावींत हें योग्यच आहे. परंतु सुशिक्षित कुटुंबांतील माणसें आज ज्या एका वस्तूसमोर कित्येकदां पुस्तकापेक्षांहि अधिक वेळ बसतात, तिच्या रचनेचें परीक्षण करावें असें आपल्याकडे फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. ती वस्तु म्हणजे संकेतस्थळ, अथवा सर्वांच्या तोंडीं रुळलेला शब्द वापरावयाचा तर वेबसाइट. विजेचें बिल भरणें, रेल्वेचें तिकीट काढणें, मुलांच्या परीक्षेचा निकाल पाहणें, बँकेंतील शिल्लक तपासणें, वर्तमानपत्र वाचणें, अशीं घरांतील पुष्कळशीं कामें आतां पडद्यावरच्या या पानांतून होतात. आणि तरीहि त्यांच्याविषयीं आपण दोनच प्रकारचे उद्गार काढतों : काम झटपट झालें तर ‘बरें आहे’, आणि अडलें तर ‘डोकें फिरवलें’. या दोन उद्गारांच्या मध्यें टीकेला पुष्कळ जागा आहे असें आम्हांला वाटतें. आणि ती थोडीशी भरून काढावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रश्न मांडावयास सोपा आहे. संकेतस्थळ रचणारा हा कलावंत असतो, निदान आपण तसें असावें अशी त्याची इच्छा असते. आणि कलावंत म्हटला कीं पूर्वीं कोणीं केलें नाहीं तें करून दाखवावें ही ओढ त्याच्या ठायीं असावयाचीच. उलट, त्या स्थळावर येणारा माणूस मनांत कांहीं अपेक्षा बाळगून येतो. शोधाची चौकट वरच्या बाजूस असेल, स्थळाच्या नांवावर बोट ठेवलें कीं आपण पहिल्या पानावर परत जाऊं, अधोरेखित शब्द दाबला कीं दुसरें पान उघडेल, हें तो गृहीत धरून चालतो. कलावंतानें हीं गृहीतें मोडलीं तर पाहुणा गोंधळतो. जशींच्या तशीं पाळलीं तर एक स्थळ दुसऱ्यासारखें दिसूं लागतें आणि रचनाकाराची प्रतिभा कामावांचून बसून राहते. मग न्याय कोणाच्या बाजूनें द्यावयाचा?

मराठी वाचकांस हा वाद अगदींच अपरिचित वाटूं नये. ‘कलेकरितां कला’ कीं ‘जीवनाकरितां कला’ या प्रश्नावर फडके आणि खांडेकर यांच्या नांवांभोंवतीं आपल्याकडे जें रण माजलें, त्याचा ध्वनि अद्याप पुरता विरलेला नाहीं. पण तोच वाद जसाच्या तसा येथें आणून ठेवणें योग्य होणार नाहीं. कादंबरी हातीं घेणारा वाचक कादंबरीकरितांच आलेला असतो. ती वाचणें हेंच त्याचें कार्य. संकेतस्थळावर येणारा माणूस मात्र त्या स्थळाकरितां क्वचितच येतो. त्याला तिकीट हवें असतें, निकाल हवा असतो, दवाखान्याची वेळ हवी असते. त्याच्या दृष्टीनें तें पान म्हणजे मुक्काम नव्हे, वाट आहे. म्हणून या कलेचें खरें नातें काव्याशीं नसून वास्तुशिल्पाशीं आहे. वाड्याचा दिंडीदरवाजा कितीहि कोरीव असला तरी त्यांतून आंत जातां आलें पाहिजे. आणि जिन्याच्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या ठेवल्या म्हणून बांधणाऱ्याची कल्पनाशक्ति खुंटली असें कोणी म्हणत नाहीं. रात्रीं अंधारांत जिना उतरणारा माणूस डोळ्यांनीं नव्हे, पायांच्या सवयीनें उतरतो. संकेतस्थळावरचा माणूसहि पुष्कळसा तसाच चालत असतो.

आपल्या व्यवहारांत ‘वहिवाट’ म्हणून एक अर्थपूर्ण शब्द आहे. दुसऱ्याच्या शेतांतून लोक वर्षानुवर्षें ये-जा करीत राहिले, कीं त्या पाऊलवाटेवर त्यांचा एक प्रकारचा हक्क उत्पन्न होतो. मालकाला ती मन मानेल तेव्हां नांगरून टाकतां येत नाहीं. आंतरजालावरील अपेक्षा या अशाच वहिवाटी आहेत. त्या कोणीं एका दिवशीं नियम करून घालून दिल्या नाहींत. कोट्यवधि लोकांच्या बोटांनीं त्या पाडल्या आहेत. आमचा सारा विचार या एका शब्दाभोंवतीं आहे : वहिवाट केव्हां राखावी, केव्हां बदलावी, आणि ती मुळांत कोणाची होती हें केव्हां विचारावें.

या वहिवाटी कशा पडल्या तें थोडक्यांत पाहूं. जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ मध्यें परस्परांशीं जोडलेल्या पानांच्या जाळ्याची कल्पना मांडली, आणि १९९१ मध्यें पहिलें संकेतस्थळ लोकांपुढें आलें. त्या पानावर चित्र नव्हतें, शोभा नव्हती. होतीं तीं केवळ अक्षरें, आणि त्यांतल्या कांहीं शब्दांवरून दुसऱ्या पानावर जाण्याची सोय. १९९३ मध्यें आलेल्या ‘मोझेइक’ या ब्राउझरनें मजकुराच्या जोडीला त्याच पानावर चित्रें दाखवलीं, आणि दुव्याचे शब्द निळे व अधोरेखित करण्याची चाल सर्वत्र नेली. निळाच रंग कां, या प्रश्नाला आतां फारसें महत्त्व उरलेलें नाहीं. तो रंग म्हणजे ‘येथें दार आहे’ अशी खूण ठरून गेला. शब्द आणि त्याचा अर्थ यांचा संबंध जसा रूढीनें दृढ होतो, तसाच हा संबंध. उद्यां एखाद्या कवीनें ‘पाणी’ या शब्दानें दगडाचा बोध करून द्यावयाचें ठरवलें, तर त्याला आपण प्रतिभावान म्हणणार नाहीं. त्याची भाषा कळत नाहीं एवढेंच म्हणूं.

परंतु आरंभीची ही रुक्षता कलावंतांना सहन होणें शक्य नव्हतें. १९९६ मध्यें डेव्हिड सीगल यांचें ‘क्रिएटिंग किलर वेब साइट्स’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें. छापील मासिकाच्या पानावर जशी हुकमी मांडणी करतां येते तशी पडद्यावर करण्याच्या युक्त्या त्यांत सांगितल्या होत्या. अदृश्य चित्रांच्या ठिपक्यांनीं अंतर राखावें, आंकडे मांडण्यासाठीं असलेले तक्ते शोभेच्या मांडणीला राबवावे, अशा त्या युक्त्या. पुष्कळ नवशिक्या रचनाकारांनीं त्या उचलल्या. मात्र पुढच्याच वर्षीं त्याच लेखकानें, आंतरजाल बिघडलें आहे आणि तें बिघडवणारांत आपणहि आहों, अशा अर्थाचा लेख लिहिला ही गोष्ट मनन करण्यासारखी आहे. दिसणें आणि असणें यांची गल्लत झाली कीं पान एका पडद्यावर सुंदर आणि दुसऱ्यावर निकामी होतें; आणि अंध वाचकाला मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्राला तर त्या मांडणींतून अर्थ लावणेंहि कठीण होतें. ज्याला आपण सौंदर्य म्हणतों, तें एका वाचकाच्या वाटेंत भिंत होऊन उभें राहतें, हें रचनाकाराला आपल्या खुर्चींतून दिसत नाहीं.

प्रतिभेच्या या स्वैरपणाचें सर्वांत बोलकें उदाहरण ‘बू डॉट कॉम’ या कपड्यांच्या दुकानाचें आहे. हें स्थळ नोव्हेंबर १९९९ मध्यें उघडलें. कपडा फिरवून सर्व बाजूंनीं पाहण्याची सोय, तो पुतळ्यावर चढवून पाहण्याची सोय, आणि गिऱ्हाइकाशीं संवाद करणारी ‘मिस बू’ नांवाची एक चित्रमय विक्रेती असा त्याचा थाट होता. कल्पना खरोखर धीट होत्या. पण त्या काळीं बहुतेक घरांत आंतरजाल येई तें टेलिफोनच्या तारेवरून, मंद गतीनें. पान उघडतां उघडतां गिऱ्हाइकाचा धीर सुटे. सुमारें साडेतेरा कोटि डॉलर खर्चून मे २००० मध्यें, म्हणजे सहा-सात महिन्यांतच, या दुकानाला टाळें लागलें. उधळपट्टी आणि अनेक देशांत एकदम पसारा मांडण्याची घाई हीं कारणेंहि त्या अपयशाच्या मुळाशीं होतीं, हें सांगितलें पाहिजे. सारा दोष एकट्या रचनेवर ढकलणें अन्यायाचें होईल. शिवाय कल्पकता हाच तिचा दोष होता, असेंहि आम्ही म्हणणार नाहीं. दोष हा कीं, त्या कल्पकतेची किंमत गिऱ्हाइकाच्या वेळांतून वसूल केली जात होती, आणि त्याला ती आधीं कोणीं विचारली नव्हती.

याच सुमारास दुसरा पक्ष उदयास आला. त्याचे प्रमुख आचार्य याकोब नील्सन. त्यांनीं २००० सालीं मांडलेला सिद्धांत थोडक्यांत असा : लोक आपला बहुतेक वेळ तुमच्या स्थळावर नव्हे, इतरांच्या स्थळांवर घालवतात, म्हणून तुमचेंहि स्थळ त्या इतरांसारखेंच चालावें अशी त्यांची अपेक्षा असते. हा विचार अहंकार उतरवणारा आहे, आणि म्हणूनच मोलाचा आहे. प्रत्येक रचनाकाराला वाटत असतें कीं पाहुणा आपल्याच घरीं राहावयास आला आहे. वस्तुतः तो दिवसभरांत अनेक घरांच्या पायऱ्या चढतो, आणि आपलें घर त्यांतलें एक असतें. त्याच वर्षीं स्टीव्ह क्रुग यांचें ‘डोंट मेक मी थिंक’ हें छोटेखानी पुस्तक निघालें. मला विचार करावयास लावूं नका, हा त्याचा सारा उपदेश त्याच्या नांवांतच आहे.

या पक्षाचें आम्हांला पुष्कळ पटतें. सर्व पटत नाहीं. ‘लोकांना हेंच हवें असतें’ हें वाक्य आपण यापूर्वींहि ऐकलेलें आहे. ठराविक साच्याचें नाटक किंवा चित्रपट काढणारा प्रत्येक निर्माता हेंच म्हणत असतो. अपेक्षा ही जशी वस्तुस्थिति असते तशीच ती आळशी कर्त्याची सबबहि होते. आज शाळेचें स्थळ उघडा, रुग्णालयाचें उघडा, नाहीं तर इमारती बांधणाऱ्या एखाद्या कंपनीचें उघडा. पुष्कळदां वर एक मोठें छायाचित्र, त्यावर पांढऱ्या अक्षरांत एक मोघम वाक्य आणि खालीं ओळीनें तीन चौकटी, हाच नमुना दिसेल. वाट ओळखीची आहे, परंतु घराला चेहरा नाहीं. नील्सन यांचा सिद्धांत स्थळाच्या ‘चालण्याविषयीं’ आहे, ‘दिसण्याविषयीं’ किंवा ‘बोलण्याविषयीं’ नाहीं, हा भेद त्यांचे अनुयायी विसरतात. सर्वांचीं दारें बिजागरीवरच फिरतात, म्हणून सर्वांच्या घरांतील बोलणेंहि एकच असावें असें थोडेंच आहे?

बंधन आणि प्रतिभा हीं एकमेकांचीं वैरी नव्हेत, हें दाखवणारा एक सुंदर प्रयोग २००३ मध्यें डेव्ह शे या कॅनडांतील रचनाकारानें मांडला. ‘सीएसएस झेन गार्डन’ हें त्याचें नांव. मजकूर एकच, त्याचा सांगाडाहि एकच. त्यांत कोणीं फेरफार करावयाचा नाहीं. बदलावयाचा तो फक्त वेश, म्हणजे रंग, टंक, चित्रें आणि मांडणी ठरवणारी स्वतंत्र नियमावली. निरनिराळ्या देशांतील रचनाकारांनीं त्या एकाच मजकुराला इतकीं भिन्न रूपें दिलीं, कीं पाहणाराला तें एकच पान आहे हें खरें वाटूं नये. एकच बंदिश निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांनीं गावी, आणि प्रत्येक वेळीं राग नव्यानें उलगडावा, तसा हा प्रकार. तथापि या प्रयोगाची मर्यादाहि सांगितली पाहिजे. त्या बागेंत येणारे लोक बाग पाहण्यासाठींच येत. तें प्रदर्शन होतें, रस्ता नव्हता.

रस्त्यावरचें उत्तम उदाहरण हवें असेल तर ब्रिटिश सरकारच्या ‘गव्ह डॉट यूके’ या स्थळाकडे पाहावें. ऑक्टोबर २०१२ मध्यें तें सुरू झालें, आणि सरकारी खात्यांचीं विखुरलेलीं स्थळें हळूहळू त्या एका छताखालीं आलीं. पांढरें पान, काळीं अक्षरें, निळे दुवे. पाहतांक्षणीं कोणी त्याला कलाकृति म्हणणार नाहीं. आणि तरीहि २०१३ मध्यें लंडनच्या डिझाइन म्युझियमनें वर्षांतील सर्वोत्कृष्ट रचनेचा मान त्यालाच दिला. लंडनच्या ‘शार्ड’ या उत्तुंग इमारतीसारख्या कृति त्या स्पर्धेंत असतांना दिला. या स्थळाच्या अक्षरांचें वळणहि अर्थपूर्ण आहे. जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनीं ब्रिटनच्या रस्त्यांवरील पाट्यांसाठीं जीं अक्षरें घडवलीं, त्यांच्यावरूनच तीं घेतलेलीं आहेत. नागरिकाला जीं अक्षरें मोटारींतून जातांना वाट दाखवीत आलीं, तींच आतां त्याला सरकारदरबारीं वाट दाखवतात. मग प्रतिभा कोठें आहे? ती कोणता प्रश्न नागरिकाला विचारावयाचा नाहीं हें ठरवण्यांत आहे, कचेरीची भाषा सोडून साधें वाक्य लिहिण्यांत आहे, आणि दहा गोष्टींतून पहिली कोणती हें ओळखण्यांत आहे. ही प्रतिभा डोळ्यांत भरत नाहीं. ती काम झाल्यावर जाणवते.

वहिवाट कधींच बदलूं नये काय? बदलावी, परंतु ती बदलण्याचीहि एक रीत आहे. ‘डिग’ नांवाचें, वाचकांनीं निवडलेल्या बातम्यांचें एक लोकप्रिय स्थळ होतें. ऑगस्ट २०१० मध्यें चालकांनीं त्याचें रूप आणि व्यवहार एकदम पालटले. वाचकांनीं बंड केलें, आणि पुष्कळजण ‘रेडिट’ या दुसऱ्या स्थळाकडे निघून गेले. उलट, इंग्रजी विकिपीडियानें जानेवारी २०२३ मध्यें संगणकावरील आपलें रूप दहाहून अधिक वर्षांनीं बदललें, तेव्हां अनुक्रमणिका बाजूस आणून वाचतांना ती सतत दिसेल अशी ठेवली, लांबच लांब ओळी आंखूड केल्या; आणि नांव नोंदवलेल्या ज्या वाचकांना जुनेंच रूप हवें होतें त्यांना तें ठेवण्याची मोकळीक दिली. पहिल्या ठिकाणीं मालकानें शेत नांगरलें. दुसऱ्या ठिकाणीं नवी सडक बांधली आणि जुनी पाऊलवाट बुजवली नाहीं.

ही दुसरी रीत आपल्याकडच्या लोकांना संगणकाच्या पुष्कळ आधींपासून ठाऊक होती. मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ मध्यें पंचांग छापलें, तेव्हां छापणें ही गोष्टच नवी होती, आणि छापील धर्मग्रंथाला शिवावें कीं नाहीं याविषयीं सोंवळ्या लोकांच्या मनांत शंका होती. शाईंत चरबी असते हा त्यांचा आक्षेप दूर करण्यासाठीं धार्मिक ग्रंथांच्या शाईंत तूप वापरल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. त्या शतकांतल्या कित्येक छापील पोथ्याहि हस्तलिखितासारख्या आडव्या, सुट्या पानांच्याच निघत. यंत्र नवें, पण पोथी ठेवावयाची कशी, उलगडावयाची कशी, हें वाचकाच्या हाताला नव्यानें शिकावें लागलें नाहीं. पुढें १९७३ मध्यें जयंतराव साळगांवकर यांनीं ‘कालनिर्णय’ काढलें तेव्हांहि हेंच झालें. तिथि, सण, उपास आणि इंग्रजी तारीख हीं एका चौकोनांत आणणें, आणि पानाची मागची बाजू वाचनीय मजकुराला देणें, ही कल्पकता खरीच. पण ती बसवली भिंतीवरच्या त्याच खिळ्यावर, जेथें लोकांची नजर रोज सकाळीं जातच होती. नावीन्य कोठें खर्चावें आणि कोठें राखून ठेवावें, याचा याहून चांगला धडा परदेशांतून आणावयास नको.

येथपर्यंत आम्हीं वहिवाटीची बाजू घेतली. आतां तिसरा प्रश्न : ही वहिवाट मुळांत कोणाची? आंतरजालावरील बहुतेक साचे रोमन लिपीसाठीं, इंग्रजी वाचकाच्या सवयींवरून घडले. आणि आपण मराठी पानें रचतों तीं पुष्कळदां त्याच साच्यांत मजकूर ओतून. देवनागरीला वर मात्रा, वेलांट्या आणि रफार आहेत, खालीं उकार आहेत, मध्यें जोडाक्षरें आहेत. रोमन मापानें ओळींतलें अंतर ठेवलें कीं खालच्या ओळीची मात्रा वरच्या ओळीच्या उकाराला भिडते, आणि बटणाच्या बेताच्या चौकटींत रफार छाटला जातो. इंग्रजी मथळा भारदस्त दिसावा म्हणून अक्षरें सुटीसुटी करण्याची चाल आहे. तीच मराठी मथळ्यावर चालवली कीं शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. इंग्रजींत महत्त्वाचा शब्द मोठ्या लिपींत लिहितात; देवनागरींत लहान-मोठी लिपि हा भेदच नाहीं, म्हणून तें महत्त्व जाडीनें, आकारानें किंवा जागेनें दाखवावें लागतें. ‘ल’ आणि ‘श’ यांचें मराठी वळण हिंदीहून निराळें. आज कित्येक टंकांत दोन्हीं वळणें ठेवलेलीं असतात. पण हा मजकूर मराठी आहे अशी भाषेची खूण रचनाकारानें पानाच्या पोटांत केली नाहीं, तर अशा टंकांतून मराठी वळण उमटत नाहीं. एका ओळीचें हें काम. तेवढें न केल्यामुळें शाळेंत पाटीवर गिरवलेलें अक्षर मुलाला पडद्यावर भेटत नाहीं.

लिपीची गोष्ट तीच माणसाच्या नांवाची. आपल्याकडे स्वतःचें नांव, वडिलांचें किंवा पतीचें नांव आणि आडनांव अशीं तीन नांवें सांगण्याचा प्रघात आहे. परक्या साच्याच्या अर्जांत रकाने दोनच असतात. मग मधलें नांव कोणी पहिल्यांत कोंबतो, कोणी गाळतो, आणि पुढें एका कागदावरचें नांव दुसऱ्याशीं जुळत नाहीं म्हणून तोच माणूस खेटे घालीत राहतो. भाषेचीहि तीच दशा. पहिल्या पानाकडे नेणाऱ्या शब्दाचें ‘घर’ असें भाषांतर करून ठेवणारीं पानें आम्हीं पाहिलीं आहेत. अशा पानावर आलेली आजी, जी मराठी उत्तम वाचते, ती थोड्या वेळानें नातवाला म्हणते, ‘अरे, तें इंग्रजींतच लावून दे आणि मला सांग.’ येथें नुकसान केवळ सोयीचें नाहीं. आपली भाषा घरांत बोलावयास ठीक, कामाला मात्र परकीच बरी, हा समज एकेका पानानें दृढ होत जातो. म्हणून मराठी पानापुरतें आमचें म्हणणें उलटें आहे : येथें साचा पाळणें हाच वाचकाचा अपेक्षाभंग आहे, आणि वाचकाशीं इमान राखावयाचें तर रचनाकाराला प्रतिभा खर्च केलीच पाहिजे. युनिकोड येण्यापूर्वीं मराठी वर्तमानपत्रांच्या स्थळांचे टंक वेगवेगळे असत, आणि ते आपल्या संगणकावर नसले तर पानावर निरर्थक चिन्हें उमटत. त्या अडचणींतून आपण पार पडलों. आतांची अडचण यंत्राची नाहीं, लक्ष देण्याची आहे.

शेवटीं एका गोष्टीचा उल्लेख न करणें अप्रामाणिकपणाचें होईल. माणसाची सवय ज्याला नीट कळते, त्याला ती लुबाडतांहि येते. मोठें रंगीत बटण म्हणजे पुढें जाण्याचें, ही वहिवाट झाल्यामुळेंच, नको असलेली वर्गणी त्या बटणामागें दडवतां येते, आणि नकाराचा शब्द कोपऱ्यांत फिक्या अक्षरांत ठेवतां येतो. हॅरी ब्रिग्नल यांनीं २०१० मध्यें अशा युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न्स’ हें नांव दिलें. आपल्या देशांतहि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं त्यांविरुद्ध मार्गदर्शक नियम काढले आणि त्यांत असे १३ प्रकार नोंदवले. संपत आल्याची खोटी घाई दाखवणें, न मागितलेली वस्तु हळूच पिशवींत सरकवणें, नाहीं म्हणणाऱ्याला लाजवणें, किंमत थेंबथेंब करून शेवटीं उघड करणें, हे त्यांतले कांहीं. कलेच्या दृष्टीनें पाहिलें तर या रचना कित्येकदां फार कुशल असतात. म्हणूनच केवळ कौशल्यावरून या कलेची पारख करणें धोक्याचें आहे. वाचकाची सवय ही त्यानें कर्त्यापाशीं विश्वासानें ठेवलेली ठेव आहे. ती मोडणारा कर्ता निष्काळजी ठरतो. ती लुबाडणारा अप्रामाणिक ठरतो.

तेव्हां संकेतस्थळाची पारख कोणत्या कसोट्यांवर करावी? आमच्या मतें तीन प्रश्न पुरेसे आहेत. जेथें वाचकाचा हात सवयीनें जातो, तेथें त्याला हवें तें सांपडतें काय? जेथें त्याची नजर थांबते, तेथें पाहण्यासारखें, वाचण्यासारखें, दुसरीकडे न मिळणारें असें कांहीं आहे काय? आणि जें गृहीत धरलें आहे, तें या वाचकाच्या भाषेचें व चालीरीतीचें आहे, कीं दुसऱ्याच्या साच्यांतून आलेलें आहे? पहिल्या प्रश्नाच्या जागीं रचनाकारानें नम्र असावें, दुसऱ्याच्या जागीं धीट, आणि तिसऱ्याच्या जागीं जागरूक. कल्पकता आणि अपेक्षा यांचा समतोल म्हणजे दोहोंना अर्धें-अर्धें वांटून देणें नव्हे. प्रत्येकीला तिची जागा देणें होय.

वाचकांनींहि एक गोष्ट करण्यासारखी आहे. एखाद्या पानावर आपण अडलों, कीं ‘मला हें जमत नाहीं’ असें म्हणून शरमण्याची आपल्या घरांतून, विशेषतः वडील माणसांत, रीत पडली आहे. कादंबरी कंटाळवाणी निघाली तर आपण स्वतःला दोष देत नाहीं, लेखकाला देतों. पडद्यावरच्या पानालाहि तोच न्याय लावावा. तें पान कोणीं तरी रचलेलें असतें, त्यांत निवड असते, आणि जेथें निवड असते तेथें गुणदोषांची चर्चा करण्याचा अधिकार वाचकाला असतोच. तो आपण वापरूं लागलों, तर मराठींत या कलेची टीका निर्माण होईल. आणि मराठी पानें रचणाऱ्यांनाहि आपलें काम कोणी तरी नीट पाहत आहे याची जाणीव राहील.